मेंटेनर गप्प आहे, हंगाम तोंडावर आहे: भुईकाट्याच्या लायब्ररीच्या प्रकल्प नोंदी

चोपडा रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये भुईकाट्याचं वजन थेट संगणकात घेणारा प्रोग्राम मी सांभाळते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ कापूस आणि पावती, एवढंच त्याचं काम. हे सगळं एका लहानशा मुक्त-स्रोत (कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या) पायथॉन भाषेतल्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, चालतं. काट्याच्या इंडिकेटरशी, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राशी, तीच बोलते. तिचा मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारा माणूस, बऱ्याच काळापासून उत्तर देत नाही. अशी वेळ कुणावरही येऊ शकते, म्हणून या नोंदी. लायब्ररीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तो माणूस आजारी असेल, नोकरीत अडकला असेल, घरी काही झालं असेल. त्याचं नाव शोधणाऱ्याला पहिली माझी तक्रार दिसावी, असं मला वाटत नाही.

१८ सप्टेंबर २०२५

काट्याच्या खोलीतला संगणक डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती १२ वरून १३ वर नेला. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की त्या संगणकाला हात लावता येत नाही, म्हणून आत्ताच. पायथॉन ३.११ वरून ३.१३ वर गेलं आणि प्रोग्राम उघडताच बंद पडला. तक्रार अशी की 'डिस्टयूटिल्स' हे मॉड्यूल (पायथॉनसोबत येणारा कोडचा भाग) सापडत नाही.

पायथॉन ३.१२ मधून (ऑक्टोबर २०२३) डिस्टयूटिल्स आणि इम्प ही दोन मॉड्यूलं काढली गेली, ३.१३ मधून (ऑक्टोबर २०२४) टेलनेटलिब गेलं. आपली लायब्ररी ही तिन्ही वापरते. डेबियन १३ मध्ये या लायब्ररीचं पॅकेजच नाही. १२ मधलं जुनं पॅकेज अपग्रेडनंतरही डिस्कवर तसंच राहिलं होतं, त्यामुळे आप्टने, म्हणजे डेबियनच्या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने, काहीच तक्रार केली नाही. अपग्रेड झाल्यावर आप्टला 'आता कुठल्याच भांडारात नसलेली पॅकेजेस दाखव' असं सांगून यादी काढा. आमची अडचण त्या यादीत पहिल्याच पानावर होती.

अपग्रेडच्या आधी जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेवली आहे. पुढचं सगळं शांतपणे करता येईल ते त्या प्रतीच्या जोरावर. ती नसेल तर आधी ती काढा, मग मेंटेनरला पत्र लिहा.

२० सप्टेंबर

जवळजवळ पूर्ण दिवस एका विचित्र गोष्टीत गेला. माझ्या लॅपटॉपवरही पायथॉन ३.१३ आहे आणि तिथे डिस्टयूटिल्सची तक्रार येतच नाही. काट्याच्या संगणकावर हटकून येते.

कारण सेटअपटूल्स, पायथॉनची पॅकेजेस बांधायचं साधन. त्याच्या पोटात डिस्टयूटिल्सची स्वतःची प्रत असते आणि ते बसवलेलं असलं की जुना इम्पोर्ट (मॉड्यूल बोलावणारी ओळ) गुपचूप त्या प्रतीकडे वळतो. लॅपटॉपवर ते होतं, जिनिंगमध्ये नव्हतं. ३.१२ पासून नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या पायथॉनच्या जागेत) सेटअपटूल्स आपोआप येत नाही. म्हणजे 'माझ्याकडे चालतंय' असं सांगणारे आणि 'माझ्याकडे बंद आहे' असं सांगणारे दोघेही खरं बोलत असतात. लायब्ररीच्या तक्रारींच्या पानावर याच मुद्द्यावरून दोन माणसं एकमेकांवर चिडलेली दिसली, आणि समजावून सांगायला मेंटेनर तिथे नव्हता.

चाचणी नेहमी कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये घ्या.

२२ सप्टेंबर

लायब्ररी खरंच सोडून दिलेली आहे का, हे तपासलं. बरेच दिवस नवी आवृत्ती नसणं हा काही पुरावा नाही. सिरीयल जोडणीसाठीच्या पायसिरीयल या लायब्ररीची ३.५ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२० मधली आहे आणि आमचा काटा आजही तिच्यावरच चालतो. पूर्ण झालेल्या कामाला दर महिन्याला हात लावायची गरज नसते.

इथली लक्षणं वेगळी आहेत. शेवटचा बदल जुना आहे. त्यानंतर आलेल्या तक्रारींना एकही उत्तर नाही. चाचण्या आपोआप चालवणारी व्यवस्था बंद पडली आहे. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे, डिस्टयूटिल्स काढून टाकणारा एक तयार पॅच (कोडमधली दुरुस्ती) कुणीतरी केव्हाच पाठवून ठेवला आहे. त्याला आभाराचा शब्दही मिळालेला नाही.

तो पॅच लावून पाहिला. इम्पोर्ट सुटला, पण इंडिकेटरशी बोलणं सुरू होताच पुन्हा आपटला. आमचा इंडिकेटर स्वतःची आवृत्ती '२.१०-केजी' अशी सांगतो. डिस्टयूटिल्समधला जुना तुलना करणारा क्लास असल्या कशाही आवृत्त्या चालवून घ्यायचा. पॅचमध्ये त्याच्या जागी 'पॅकेजिंग' ही लायब्ररी घेतली होती आणि ती २२.० पासून नियमाबाहेरचे आवृत्ती क्रमांक सरळ नाकारते. पॅच लिहिणाऱ्याच्या इंडिकेटरचा क्रमांक साधा असणार, म्हणून त्याला हे दिसलं नसेल. मी तिथे फक्त आकडे वेगळे काढून तुलना करणारं छोटं फंक्शन टाकलं.

२४ सप्टेंबर

मेंटेनरला पहिलं पत्र. थेट ईमेलवर, आणि त्याच दिवशी सार्वजनिक तक्रारीच्या पानावरही नोंद. नुसतं खाजगीत विचारलं तर पुढे कुणी 'विचारलं होतं का' म्हटल्यावर दाखवायला काही नसतं. नुसतं चारचौघांत विचारलं तर माणसाला कोंडीत पकडल्यासारखं होतं.

पत्रात काय लिहिलं ते सांगते, कारण यातच बहुतेकांचं बिनसतं. काय मोडलं, कुठल्या आवृत्तीवर, ते दोन ओळींत. जुन्या पॅचचा उल्लेख आणि त्यातली उणीव. माझा पॅच जोडलेला. मग एक प्रश्न: वेळ नसेल तर तपासणीला मदत करू का? प्रकाशनाचे अधिकार मागितले नाहीत.

ते न मागण्याला कारण आहे. २०१८ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारातल्या 'इव्हेंट-स्ट्रीम' या पॅकेजच्या मूळ लेखकाने, स्वतः ते वापरत नसल्यामुळे, मदत करू म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाला अधिकार देऊन टाकले. त्या माणसाने बिटकॉइनची पाकिटं लुटणारा कोड आत घुसवला. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण त्याहून थंड डोक्याचं. थकलेल्या एकट्या मेंटेनरवर 'किती उशीर लावता', 'दुसऱ्याकडे सोपवा' असा दबाव वेगवेगळ्या नावांनी आणला गेला, मदतनीस म्हणून आलेल्याने अनेक महिने चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग ५.६.० व ५.६.१ मध्ये मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवलं. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावावासा वाटला, म्हणून ते पकडलं गेलं.

अमळनेरच्या कुणा अनोळखी बाईने 'मला किल्ल्या द्या' म्हटलं तर सावध मेंटेनरने त्या देऊच नयेत. मी त्याच्या जागी असते तर दिल्या नसत्या. म्हणून आधी काम दाखवायचं आणि घाई करणारा एकही शब्द लिहायचा नाही.

१ ऑक्टोबर

उद्या दसरा. जिनिंगला मेंटेनरच्या उत्तराची वाट पाहायला लावता येत नाही, म्हणून स्थानिक प्रत तयार केली.

इम्पचं काम सोपं होतं. प्रत्येक इंडिकेटरची वेगळी ड्रायव्हर फाइल ते उघडायचं, त्याच्या जागी इम्पोर्टलिब आलं. टेलनेटलिबने मात्र छळलं. आमचा इंडिकेटर सिरीयल-टू-इथरनेट (सिरीयल तार नेटवर्कला जोडणाऱ्या) डब्यातून जोडलेला आहे. टेलनेटलिब काढून साधं सॉकेट (नेटवर्कवरची थेट जोडणी) लावलं, तर प्रत्येक वेळी जोडणी होताच पहिलं वजन कचरा यायचं. तो डबा टेलनेट या जुन्या जोडणी-पद्धतीने सुरुवातीला काही नियंत्रण-बाइट पाठवतो. जुनं मॉड्यूल ते गिळून टाकायचं, साधं सॉकेट ते वजनात मिसळायचं. मी आधी ते बाइट गाळणारा कोड लिहिला आणि मग टाकून दिला. डब्याच्या सेटिंगमध्ये टेलनेटऐवजी नुसतं टीसीपी निवडलं आणि लायब्ररीत पायसिरीयलची सॉकेट-पत्ता घेणारी सोय वापरली. आता तार थेट असो की डब्यातून, कोड एकच.

पर्याय म्हणून यूएसबी-सिरीयल तारही आणून ठेवली. पहिली स्वस्तातली मध्येच अक्षरं गाळायची, ती परत केली, दुसरी साडेचारशेच्या आसपास पडली. इंडिकेटरला मात्र हात लावलेला नाही. त्याच्यावर वैधमापनाचं सील आहे, आपण फक्त तो बोलतो ते ऐकायचं.

स्थानिक प्रतीच्या आवृत्ती क्रमांकामागे अधिक चिन्ह लावून 'जिनिंग१' असं जोडलं. पायथॉनच्या क्रमांक-नियमांत ही सोय ठरवून ठेवलेली आहे, आणि असा क्रमांक असलेलं पॅकेज पायपीआय, म्हणजे पायथॉन पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार, स्वीकारत नाही. त्यामुळे ही प्रत चुकून जगात जाणार नाही, आणि दोन वर्षांनी कुणी संगणक उघडला तर ही मूळ लायब्ररी नव्हे हे एका नजरेत कळेल.

१० ऑक्टोबर

डेबियनची बाजू पाहिली. तिथला पॅकेज-मेंटेनर आणि मूळ लेखक ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि दोघेही गप्प. एकाचा राग दुसऱ्याच्या दारात काढलेला मी पाहिला आहे, म्हणून हे सांगते.

पॅकेज १३ मध्ये का नाही ते तिथे कळलं. नव्या पायथॉनवर ते मोडतं असा गंभीर बग नोंदवलेला होता, त्याला उत्तर आलं नाही आणि पॅकेज टेस्टिंगमधून, म्हणजे पुढच्या स्थिर आवृत्तीच्या तयारीतून, आपोआप काढलं गेलं. कुणी वाईट वागलं नाही. नियमाने नियमाचं काम केलं आणि पॅकेज वापरणाऱ्याला ते कळलंच नाही. त्या बगला माझा पॅच जोडला.

१६ ऑक्टोबर

मूळ लेखकाला दुसरं पत्र. पहिल्याची आठवण, आणि पॅच जिनिंगच्या काट्यावर चालतो आहे एवढंच. दिवाळी तोंडावर आहे. आपल्याकडे सण असला तरी त्याच्याकडे असेलच असं नाही आणि उलटही. म्हणून पत्रांमध्ये तीन-चार आठवड्यांची मोकळी जागा सोडते आहे.

२९ ऑक्टोबर

गाड्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी सकाळपासून ट्रॅक्टर रांगेत, स्थानिक प्रत व्यवस्थित चालली. काट्यावर बसणाऱ्या नानांना सगळी हकीकत ठाऊक आहे. पावत्या फाडता फाडता म्हणाले, "ताई, तो मानूस जवाब देत नई, मंग त्याना भाऊबंदस्ले इचार."

नानांनी सांगितलेली वाट मी सोडून दिली होती, हे खरं. रात्री लायब्ररीच्या इतिहासात पूर्वी बदल करणाऱ्यांची नावं काढली. दोघांना लिहिलं. एकाने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. त्याच्याकडे अधिकार नाहीत आणि मूळ लेखकाशी त्याचाही संपर्क तुटला आहे. जुना पॅच पाठवून ठेवणाऱ्यालाही लिहिलं. तो अजून ती लायब्ररी वापरतो, त्याच्याकडे दगडांच्या खाणीचा काटा आहे. आवृत्ती क्रमांकाची उणीव त्याला पटली आणि स्वतःच्या इंडिकेटरचे नमुने त्याने चाचणीसाठी पाठवले.

५ नोव्हेंबर

डेबियनमध्ये पुढचं पाऊल. मला तिथे अपलोडचा अधिकार नाही, तो असलेला स्पॉन्सर लागतो. एक मिळाला, आणि त्याने पहिलाच प्रश्न नेमका विचारला: तुला हा एक बग सोडवायचा आहे की पॅकेज सांभाळायला घ्यायचं आहे?

दोन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत. एक बग सोडवायचा तर 'एनएमयू', म्हणजे मेंटेनर नसलेल्याने केलेलं अपलोड. त्यात बदल अगदी कमीत कमी ठेवायचे, पॅच बगवर आधी टाकायचा आणि अपलोड विलंबाच्या रांगेतून करायचं, म्हणजे मेंटेनरला मध्ये येऊन थांबवता येतं. गंभीर बग आठवड्याहून जुना असेल तर दोन दिवसांचा विलंब चालतो, साध्या बगला दहा दिवस. पॅकेजच घ्यायचं तर 'साल्व्हेज'. त्याच्या इराद्याचा बग नोंदवायचा, २१ दिवस थांबायचं, मग निदान सात दिवसांच्या विलंबाने अपलोड. मधल्या काळात मेंटेनरने हरकत घेतली तर विषय तिथेच मिटतो.

मी एनएमयू निवडलं. साल्व्हेजच्या अटी बहुधा पूर्ण झाल्या असत्या. उत्तर न मिळालेले बग होते, दुर्लक्ष उघड दिसत होतं. पण पॅकेज घेणं म्हणजे दर आवृत्तीला, मला कधीच न लागणाऱ्या इंडिकेटरांसाठीसुद्धा उत्तरदायी होणं. हंगामात माझ्याच्याने ते होणार नाही आणि मग मीच पुढची गप्प मेंटेनर होईन. जेवढं पेलतं तेवढंच उचलायचं.

८ नोव्हेंबर

स्पॉन्सरने पॅच परत पाठवला. मी डेबियनच्या बांधणीच्या फाइलीही जाता जाता नव्या पद्धतीच्या केल्या होत्या. एनएमयूमध्ये ते चालत नाही. दुसऱ्याच्या पॅकेजची रचना मेंटेनरच्या मागे बदलायची नाही, मोडलेलं तेवढंच दुरुस्त करायचं. ते सगळं काढलं, उरला छोटासा पॅच. आवृत्ती क्रमांकामागे '.१' लागला, एनएमयूची ती खूण.

१४ नोव्हेंबर

अपलोड विलंबाच्या रांगेत असतानाच डेबियनच्या मेंटेनरचं उत्तर आलं. आभार, विलंबाची गरज नाही, पुढे जा. आजारपणामुळे लक्ष देता आलं नाही असं त्याने स्वतःहून लिहिलं. कुणीही त्याला ते विचारलं नव्हतं. मी साल्व्हेजचा बग नोंदवला असता तर त्याच्या आजारपणात पॅकेज काढून घेण्याची नोटीस पहिली त्याच्या हाती पडली असती. यापुढे पायथॉनशी संबंधित बग आले तर कळवा, मी बघेन, एवढं त्याला लिहिलं आहे.

डेबियन १३ वापरणाऱ्यांसाठी: हे पॅकेज स्थिर आवृत्तीत आता घुसणार नाही. आधी टेस्टिंगमध्ये पोहोचावं लागतं, मग हवं तर बॅकपोर्टची, म्हणजे नवं पॅकेज स्थिर आवृत्तीसाठी वेगळं बांधण्याची, वाट मोकळी होते. तोवर जिनिंगमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच.

२२ नोव्हेंबर

मूळ लेखकाला तिसरं आणि शेवटचं पत्र. यात स्पष्ट लिहिलं की डिसेंबर उजाडेपर्यंत उत्तर नसेल तर वेगळ्या नावाने फोर्क, म्हणजे लायब्ररीची स्वतंत्र चालणारी प्रत, काढू, तुमचं नाव आणि परवाना तसाच ठेवू, आणि तुम्ही केव्हाही परत आलात तर सगळे बदल तुम्हाला घेता येतील.

पायपीआयवर तेच नाव मागावं असं खाणीवाल्या मित्राचं म्हणणं होतं. त्यासाठी पेप ५४१ या पायथॉन समुदायाच्या दस्तऐवजात नियम आहेत. मालक संपर्कात नाही, गेल्या बारा महिन्यांत आवृत्ती नाही आणि प्रकल्पाच्या पानावर त्याची हालचाल नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. पायपीआयची माणसं स्वतः निदान तीनदा संपर्क करून पाहतात आणि सहा आठवड्यांनी थांबतात. मागणाऱ्याने स्वतःचे फसलेले प्रयत्न आणि फोर्कमधलं काम दाखवायचं, आणि दुसऱ्या नावाने फोर्क का चालत नाही हे पटवायचं. शेवटच्या अटीला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नाही. नवं नाव आम्हाला चालतं. आणि तेच नाव मिळालं तर जुनी लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्यांच्या संगणकात पुढच्या अपडेटला माझा कोड शिरेल, त्यांनी मला निवडलेलं नसताना. इव्हेंट-स्ट्रीमच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. मित्राला हे पटायला दोन संध्याकाळी लागल्या.

घाईने दुसऱ्या समुदायाचा नियम इथे लावू नका. आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये (वापरणाऱ्यांनीच भरलेल्या पॅकेज-भांडारात) मेंटेनरने दोन आठवडे प्रतिसाद दिला नाही तर पॅकेज अनाथ करण्याची विनंती मान्य होते. लेटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीच्या एलपीपीएल परवान्यात इरादा जाहीर करून तीन महिने थांबावं लागतं, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत जुना मेंटेनर परत आला तर मागितल्यावर त्याला जागा परत द्यावी लागते. मला यातला लेटेकचा नियम सगळ्यात माणुसकीचा वाटतो.

६ डिसेंबर

उत्तर नाही. फोर्क प्रकाशित केला. परवाना एमआयटी, बदल करून पुन्हा वाटायची मोकळीक देणारा, त्यामुळे अडचण नाही. मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ जशीच्या तशी वर, आमच्या ओळी खाली. इम्पोर्टचं नावही बदललं. तेच ठेवलं असतं तर दोन्ही लायब्रऱ्या एकाच संगणकात एकमेकींच्या फाइली पुसतील. यामुळे वापरणाऱ्याला कोडमध्ये एक ओळ बदलावी लागते, तेवढं चालेल.

मूळ तक्रारीच्या पानावर एकच निवेदन टाकलं: फोर्क कुठे आहे, काय बदललं, का. प्रत्येक उघड्या तक्रारीखाली जाऊन जाहिरात केली नाही.

१० जानेवारी २०२६

जिनिंगमधली 'जिनिंग१' प्रत काढून फोर्कची पहिली आवृत्ती बसवली, संक्रांतीआधीच्या एका रविवारी काटा बंद असताना. डेबियनमध्ये पॅकेज टेस्टिंगला पोहोचलं आहे.

पायपीआयवर फोर्कला दोन मालक आहेत, मी आणि खाणीवाला मित्र. जानेवारी २०२४ पासून पायपीआयवर सगळ्यांना टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर ओळखीचा दुसरा पुरावा) सक्तीचं आहे, त्यामुळे फोन हरवला आणि रिकव्हरी कोड जपलेले नसले तर माणूस जिवंत, उत्साही असूनही स्वतःच्याच पॅकेजबाहेर अडकू शकतो. आमच्या मूळ लेखकाचं तेच झालेलं असू शकतं. दोघांनी कोड कागदावर छापून घरी ठेवले. रीडमीच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलं आहे की आम्हा दोघांकडून तीन महिने उत्तर आलं नाही तर कुणीही हा प्रकल्प पुढे न्यावा, आमची परवानगी आत्ताच गृहीत धरावी, आणि डेबियनच्या मेंटेनरला आधी कळवावं.